सांगितल्या जागी

इ.स. १८४५ च्या मे महिन्यात थेम्स नदीच्या काठावरून दोन जहाजं उत्तरेकडे निघाली. एक ‘एरेबस’, दुसरं ‘टेरर’. बर्फाशी झुंजायचं म्हणून इंग्लंडच्या आरमाराने त्यांच्या नाळेला लोखंडी पत्रे ठोकले होते, पोटात आगगाडीची वाफेची इंजिनं बसवली होती, आतल्या खोल्या उबदार राहतील अशी सोय केली होती. तीन वर्षांचा शिधा भरला होता. हजाराच्या वर पुस्तकं होती, चांदीचे काटे-चमचे होते, करमणुकीसाठी हाताने फिरवून वाजवायची पेटी होती. मोहिमेचे प्रमुख सर जॉन फ्रँकलिन उत्तरेचे जुने जाणकार मानले जात. कॅनडाच्या माथ्यावरच्या बर्फाळ बेटांमधून अटलांटिकपासून पॅसिफिकपर्यंत जाणारी सागरी वाट पुरी करायची, हे त्यांचं काम.

एवढ्या सरंजामात एक उणीव राहिली आणि ती कोणाला खटकलीही नाही. ज्या मुलखात जायचं, त्या मुलखात जन्मलेला एकही माणूस जहाजावर नव्हता.

तो मुलूख ओसाड नव्हता. किंग विल्यम बेटाच्या आसपास नेटसिलिक इनुइट लोक पिढ्यान् पिढ्या राहत आले होते. हिवाळ्यात सूर्य उगवतच नाही अशा ठिकाणी ते बर्फाच्या विटा कापून बघता बघता घर उभं करत. कॅरिबू या हरणाच्या कातड्याचे दुहेरी कपडे घालत, आतल्याची लव अंगाला आणि बाहेरच्याची वाऱ्याला. गोठलेल्या समुद्रावर सील श्वास घ्यायला जिथे वर येतो ते इवलंसं भोक हुडकून त्यावर तासन् तास न हलता उभे राहत. ताजं, पुष्कळदा कच्चंच मांस खात. त्यामुळे दर्यावर्द्यांचा जुना वैरी असलेला स्कर्व्ही हा रोग त्यांच्या वाटेला जात नसे. बर्फ कधी भरवशाचा आणि कधी दगाबाज, कोणत्या खाडीत उन्हाळ्यातही तो वितळत नाही, हे सगळं त्यांना तोंडपाठ होतं. लिहून ठेवलेलं मात्र काहीच नव्हतं. त्यांच्याकडे विद्या एका पिढीच्या तोंडून दुसरीच्या कानात जायची.

सप्टेंबर १८४६ मध्ये दोन्ही जहाजं किंग विल्यम बेटाच्या वायव्येला बर्फात अडकली. पुढचा उन्हाळा आला आणि गेला, बर्फ सुटला नाही. बेटाच्या किनाऱ्यावर दगडांच्या राशीत ठेवलेला एक छापील कागद पुढे १८५९ साली सापडला. मोहिमेची गोष्ट त्या एका कागदावर वाचता येते. मे १८४७ मध्ये त्यावर लिहिलं आहे की सर जॉन फ्रँकलिन नेतृत्व करत आहेत, सर्व ठीक आहे. अकरा महिन्यांनी, एप्रिल १८४८ मध्ये, त्याच कागदाच्या समासातून गोल फिरत गेलेला दुसरा मजकूर सांगतो की फ्रँकलिन ११ जून १८४७ रोजी वारले, एकूण २४ माणसं गेली, जहाजं सोडून दिली आहेत, आणि उरलेले १०५ जण कॅप्टन क्रोझियर यांच्या हाताखाली दक्षिणेला बॅक नदीकडे पायी निघत आहेत.

ते निघाले कसे, हेही पाहण्यासारखं आहे. त्यांनी घसरगाड्यांवर होड्या चढवून त्या स्वतः ओढल्या. किनाऱ्यावर सापडलेल्या एका होडीचं आणि तिच्या गाडीचं मिळून वजन ६०० किलोच्या वर भरलं. आत दोन सांगाडे होते, आणि त्यांच्याजवळ चांदीचे चमचे, रेशमी रुमाल, साबण, सपाता, पुस्तकं, चहा आणि चॉकलेट. भुकेने आणि रोगाने खंगलेली माणसं हे ओझं बर्फातून ओढत होती. त्या १०५ जणांपैकी एकही घरी पोचला नाही. मोहिमेत नाहीशी झालेली माणसं एकूण १२९.

ही माणसं अनोळखी, निर्मनुष्य काळोखात मेली असं इंग्लंडात पुढे कितीतरी वर्षं मानलं गेलं. तसं नव्हतं. त्यांना पाहणारे डोळे तिथे होते.

बेटाच्या दक्षिण किनाऱ्यावर काही इनुइट कुटुंबांना होडी ओढत येणारा गोऱ्यांचा एक जथा भेटला. कुटुंबांनी त्या जथ्याला सीलचं मांस दिलं आणि दुसऱ्या दिवशी ती आपल्या वाटेने गेली. एवढी तोंडं पोसणं त्यांना शक्य नव्हतं. तो मुलूख माणसांना पोसतो तो चार-दोन कुटुंबं विखरून राहतात म्हणून. शंभर जण एका जागी आले तर तिथे सर्वांनाच उपासमार. आणखी दक्षिणेला, इनुइट ज्या भागाला उतजुलिक म्हणतात तिथे, काहींनी बर्फात उभं असलेलं एक मोठं जहाज पाहिलं. त्याला एक फळी टेकवलेली होती, म्हणे. आसपास चार माणसांची आणि एका कुत्र्याची पावलं उमटलेली होती. आत शिरल्यावर एका अंधाऱ्या खोलीत एक धिप्पाड गोरा माणूस मरून पडलेला होता. लोकांनी लाकूड आणि लोखंड काढून नेलं. पुढे बर्फ वितळला तेव्हा जहाज बुडालं, पण डोलकाठ्यांची टोकं पाण्यावर दिसत राहिली.

हे सगळं त्यांनी सांगितलं. ज्याने ज्याने विचारलं त्याला सांगितलं.

पहिल्याने विचारलं ते जॉन रे याने. हा स्कॉटलंडच्या उत्तरेच्या ऑर्कनी बेटांवरचा डॉक्टर, हडसन्स बे कंपनीचा नोकर. बर्फाचं घर बांधणं, हलक्या सामानानिशी चालणं, शिकार करून पोट भरणं हे त्याने उत्तरेच्या लोकांकडूनच शिकून घेतलं होतं. म्हणून तो हजारो किलोमीटर चालूनही धडधाकट परतायचा. १८५४ साली त्याला एक इनुइट माणूस भेटला, ज्याच्या डोक्याला सोनेरी पट्टा बांधलेला होता. तो पट्टा आरमारी टोपीचा होता. रे याने विचारपूस केली आणि इतरांकडूनही ऐकून घेतलं. त्यांच्याकडून त्याने चांदीचे काटे-चमचे विकत घेतले, त्यात खुद्द फ्रँकलिनचं सन्मानपदकही होतं. सगळ्या साक्षींचा निष्कर्ष एकच निघत होता: ती माणसं उपाशी मेली, आणि शेवटच्या दिवसांत त्यांनी आपल्याच मेलेल्या सोबत्यांचं मांस खाल्लं.

रे याने हे जसंच्या तसं आरमाराला कळवलं. बातमी छापून आली आणि इंग्लंड खवळलं. फ्रँकलिनच्या पत्नी लेडी जेन यांना ती असह्य झाली. चार्ल्स डिकन्ससारख्या थोर लेखकाने आपल्या साप्ताहिकात लेख लिहून रे याचा निष्कर्ष झिडकारला. रानटी लोकांच्या बोलण्यावर आपल्या आरमारी वीरांबद्दल असलं अमंगळ मानायचं काय, उलट त्या लोकांनीच आपल्या माणसांना मारलं नसेल कशावरून, असा त्या लेखाचा रोख होता. ज्यांनी आपल्या तोंडचं मांस भुकेल्यांना दिलं होतं, त्यांच्यावरच खुनाचा संशय घेतला गेला. रे याला शोधाचं बक्षीस मिळालं, पण फ्रँकलिनच्या शोधासाठी गेलेल्या इतरांना मिळाला तसा मान त्याला मिळाला नाही.

इथे थांबून एक गोष्ट नीट बघायला हवी. साक्ष नाकारली गेली ती तपासून खोटी ठरली म्हणून नाही. दोन कारणांनी नाकारली गेली. सांगणारे आपल्यातले नव्हते, आणि सांगितलेलं कडू होतं. यातलं एकच कारण असतं तर कदाचित कोणी ऐकलंही असतं. दोन्ही एकत्र आली की भल्याभल्यांचे कान बंद होतात.

पुढे १८६० च्या दशकात चार्ल्स फ्रान्सिस हॉल नावाचा अमेरिकन गृहस्थ पाच वर्षं इनुइटांमध्ये राहिला. टुकूलिटो आणि तिचा नवरा इबिअरबिंग हे इनुइट जोडपं त्याचे दुभाषे होते. त्यांच्यामुळे त्याच्या वह्या भरल्या: कोणी काय पाहिलं, कुठे पाहिलं, कोणाकडून ऐकलं. उतजुलिकच्या जहाजाची हकीकत त्या वह्यांत आहे. १८७९ साली फ्रेडरिक श्वात्का याच्या तुकडीला पुहतूराक नावाच्या म्हाताऱ्याने पुन्हा तीच हकीकत सांगितली, कारण तो त्या जहाजावर स्वतः चढला होता. पण हॉलसारखा चांगला ऐकणारा माणूसही एका ठिकाणी घसरला. भुकेल्या जथ्याला मांस देऊन कुटुंबं निघून गेली हे ऐकल्यावर तो संतापला आणि त्यांना निष्ठुर ठरवून मोकळा झाला. त्या लोकांच्या जागी स्वतःला उभं करून पाहणं त्यालाही जमलं नाही.

वह्या ग्रंथालयांत गेल्या. जहाजं मात्र नकाशावर कुठेच नव्हती. आणखी शंभराहून अधिक वर्षं गेली.

किंग विल्यम बेटावर आज ग्योआ हेवन नावाचं गाव आहे. नॉर्वेचा रोआल्ड अमुंडसेन १९०३ ते १९०५ या काळात आपलं ‘ग्योआ’ हे छोटं जहाज घेऊन दोन हिवाळे इथे राहिला, त्यावरून ते नाव पडलं. त्याच्याजवळ फक्त सहा माणसं होती. त्याने नेटसिलिक लोकांकडून कातड्याचे कपडे शिवून घेतले आणि बर्फावर वावरण्याच्या त्यांच्या रीती मन लावून शिकल्या. १९०६ साली ती सागरी वाट सर्वप्रथम जहाजाने पार करणारा तोच ठरला. आरमाराला दोन मोठी जहाजं आणि १२९ माणसं घालवूनही जे जमलं नाही, ते सहा सोबत्यांच्या एका शिकाऊ माणसाला जमलं. बर्फ त्याच्याही वाट्याला तसाच आला होता. बर्फाशी कसं वागायचं हे विचारायला मात्र तो लाजला नाही.

याच गावात लुई कामूकाक वाढला. जन्म १९५९ चा. लहान असताना त्याच्या पणजीने, हुम्माहुकने, त्याला एक आठवण सांगितली. ती पोर असताना वडिलांबरोबर किनाऱ्याने जात होती, तेव्हा तिथे परक्या वस्तू पडलेल्या सापडल्या. त्यातली जेवणाच्या टेबलावरची सुरी वडिलांनी उचलली आणि तिची बर्फ फोडायची छिन्नी केली. मुलाने ऐकलं आणि मनात ठेवलं. पुढे शाळेत बाईंनी की गुरुजींनी फ्रँकलिनची गोष्ट शिकवली, तेव्हा त्याच्या डोक्यात लख्ख प्रकाश पडला. पुस्तकातली ती माणसं आणि पणजीची ती सुरी, दोन्ही एकाच गोष्टीचे तुकडे होते.

कामूकाक यांनी आयुष्य या कामाला वाहिलं. गावोगावच्या म्हाताऱ्यांकडे बसून हकिकती टिपल्या, जागांची जुनी इनुइट नावं गोळा केली, आणि ती गोऱ्या प्रवाशांच्या वह्यांशी ताडून पाहिली. हे काम ऐकायला सोपं, करायला अवघड. तोंडोतोंडी आलेल्या हकिकतींत दोन जहाजांच्या गोष्टी मिसळतात, वर्षं मागेपुढे होतात, आजोबांनी पाहिलेलं नातू आपण पाहिल्यासारखं सांगतो. म्हणून ऐकणाऱ्याला निवडावं लागतं, पुन्हा विचारावं लागतं, जागेवर जाऊन बघावं लागतं. ऐकावे जनाचे, करावे मनाचे, ही म्हण आपण ऐकण्यातून सूट मिळावी म्हणून वापरतो. कामूकाक यांनी ती पुरी पाळली. जनाचं सगळं ऐकलं आणि मग आपल्या बुद्धीने पारखलं.

२००८ पासून पार्क्स कॅनडा या सरकारी संस्थेच्या सागरी पुरातत्त्वज्ञांनी जहाजांचा नव्याने शोध सुरू केला. शोधाची दोन क्षेत्रं ठरली होती. उत्तरेचं होतं जहाजं सोडून दिल्याची नोंद जिथली आहे तिथलं, दक्षिणेचं इनुइट साक्षींवरून ठरवलेलं. २०१४ च्या उन्हाळ्यात भर उत्तरेच्या क्षेत्रावर होता, पण त्या वर्षी तिथे बर्फ इतका दाटला की जहाजांना आत शिरता येईना. पथकं दक्षिणेकडे वळली. सप्टेंबरच्या पहिल्या दिवशी एका छोट्या बेटावर हेलिकॉप्टरच्या पायलटला दगडाला टेकलेली एक लोखंडी वस्तू दिसली. जहाजावरून होडी खाली सोडण्याच्या यंत्रणेचा तो भाग होता आणि त्यावर इंग्लिश आरमाराची बाणाची खूण होती. दुसऱ्याच दिवशी जवळच्या पाण्यात सोनार, म्हणजे आवाजाच्या लहरींनी तळ दाखवणारं यंत्र, ओढणाऱ्या होडीच्या पडद्यावर एक अख्खं जहाज उमटलं. तळावर सरळ बसलेलं. ते ‘एरेबस’ होतं.

ते उतजुलिकमध्ये होतं. खोली होती अवघी ११ मीटर. एवढ्या उथळ पाण्यात असलं जहाज बसलं तर त्याच्या डोलकाठ्या पाण्यावर राहणारच. पुहतूराकसारख्यांनी सांगितलेली खूण समुद्राच्या खोलीनेच खरी ठरवली.

मग पाणबुडे खाली उतरले. त्या पाण्यात उतरणं म्हणजे काय, ते जरा जवळून पाहू. मिठामुळे समुद्राचं पाणी शून्याला गोठत नाही, शून्याच्याही जवळजवळ दोन अंश खाली जाऊ शकतं. अशा पाण्यात साध्या पोशाखातला माणूस काही मिनिटांत हातापायांतली ताकद गमावून बसतो. पाणबुड्याच्या अंगावर आत लोकरी थर आणि वर पाणी न शिरणारा ड्रायसूट असतो, तरी ओठ आणि गाल बधिर होतातच. पाठीवरच्या टाकीतली दाबलेली हवा रेग्युलेटरमधून सुटते तेव्हा ती पसरते आणि पसरताना आणखी थंड होते. त्या थंडीने रेग्युलेटरच गोठून उघडा अडकला तर सगळी हवा भसाभस निघून जाते. म्हणून उपकरणं थंड पाण्यासाठी मुद्दाम बनवलेली लागतात आणि हवेची दुसरी सोय हाताशी ठेवावी लागते.

एप्रिल २०१५ मध्ये पार्क्स कॅनडाचे पाणबुडे आणि कॅनडाच्या आरमाराचे पाणबुडे सुमारे दोन मीटर जाडीच्या बर्फाला भोकं पाडून खाली गेले. बर्फात उतरणारे सहसा त्रिकोणी भोक कापतात, कारण कोपऱ्यात दोन्ही हात टेकून अंग वर काढणं सोपं जातं. खाली गेलेल्या माणसाला दुसरी वाट नसते. डोक्यावर सगळीकडे बर्फाचं छत, वर यायचं ते त्या एकाच भोकातून. म्हणून त्याच्या कमरेला दोर असतो आणि वर बसलेला सोबती दोर हातात धरून असतो. किती हिसके म्हणजे ठीक, किती म्हणजे ओढ, हे आधी ठरलेलं. वरचा माणूस खाली काही बघू शकत नाही. दोरातून येणारी खूण त्याने ओळखायची आणि लगेच मानायची. इथे खालून आलेल्या निरोपावर शंका घेत बसायला वेळ नसतो.

पुढच्या वर्षांत पाणबुड्यांना वरून नळीने गरम पाणी पुरवणारे सूट मिळाले आणि त्यांना खाली जास्त वेळ थांबून काम करता येऊ लागलं. केल्प या समुद्री शेवाळाच्या लांब पात्यांखाली डेकच्या फळ्या होत्या. उष्ण समुद्रात लाकूड पोखरून चाळण करणारा किडा या थंडीत तगत नाही, म्हणून दीडशेहून अधिक वर्षांनीही ओक लाकूड टिकलं. २०१४ च्या पहिल्याच मोसमात जहाजाची घंटा वर आली होती, तिच्यावर १८४५ हे साल कोरलेलं. नंतर एकेक करून माणसांच्या वस्तू निघाल्या: अधिकाऱ्याच्या खांद्यावरचे झालरीचे पट्टे, केसांचे धागे अडकलेला ब्रश, पेन्सिलींची पेटी, पिसाची लेखणी ठेवलेलं चामडी पाकीट. पत्रावर मोहर करायच्या लाखेचा एक तुकडा निघाला, त्यावर कोणाच्या तरी बोटाचा ठसा स्पष्ट उमटलेला आहे. ज्याचा तो ठसा, तो माणूस बुद्धीने कमी नव्हता, धैर्याने कमी नव्हता. आपल्यापेक्षा वेगळ्या माणसांकडून शिकावं, एवढं त्याला कोणी शिकवलं नव्हतं.

‘टेरर’ची गोष्ट आणखी बोलकी आहे. २०१६ च्या सप्टेंबरात ‘मार्टिन बर्गमन’ नावाचं छोटं संशोधनजहाज ठरलेल्या शोधक्षेत्राकडे निघालं होतं. त्यावर ग्योआ हेवनचा सॅमी कॉगविक हा इनुइट गडी होता. त्याने मोहिमेचे प्रमुख एड्रियन शिम्नॉव्स्की यांना एक आठवण सांगितली. सहा-सात वर्षांपूर्वी तो मित्राबरोबर स्नोमोबाइलवरून मासेमारीला जात होता. वाटेत एका खाडीत गोठलेल्या समुद्रातून एक मोठं लाकूड वर आलेलं दिसलं, डोलकाठीसारखं. त्याला मिठी मारून फोटोही काढले. पण घरी पोचेपर्यंत कॅमेरा कुठेतरी पडला. कॉगविकला तो अपशकुन वाटला आणि त्याने ही गोष्ट कोणाला सांगितली नाही.

पुरावा नाही, कॅमेरा नाही, फक्त एका माणसाचा शब्द. शिम्नॉव्स्की यांनी त्या शब्दावर जहाज वळवलं. नकाशावर त्या खाडीचं नाव आधीपासूनच टेरर बे होतं. ३ सप्टेंबरला, सुमारे २४ मीटर पाण्याखाली ‘टेरर’ सापडलं, त्याच खाडीत. मागच्या बाजूच्या खिडक्यांच्या बहुतेक काचा शाबूत. २०१९ मध्ये आत सोडलेल्या कॅमेऱ्याला फळीवर ओळीने लावलेल्या बशा दिसल्या, आणि कॅप्टनच्या खोलीत टेबलाचे खण जसे बंद केले तसेच बंद.

रे याने सांगितलेल्या अमंगळ गोष्टीचंही काय झालं ते सांगायला हवं. १९९० च्या दशकात किंग विल्यम बेटावरच्या हाडांचा अभ्यास झाला, तेव्हा त्यांवर सुऱ्यांचे वार आढळले. २०२४ मध्ये तसेच वार असलेलं एक जबड्याचं हाड डीएनए तपासणीने ओळखलं गेलं. ते ‘एरेबस’चे कप्तान जेम्स फिट्झजेम्स यांचं होतं. त्या कागदाच्या समासातला मजकूर बहुतांशी त्यांच्याच हातचा. १८५४ साली ज्यांना खोटारडे आणि खुनी म्हटलं गेलं, त्यांनी खरं तेच सांगितलं होतं.

आज ही जहाजं कॅनडा आणि इनुइट यांच्या एकत्रित मालकीची आहेत. २०१८ मध्ये ब्रिटनने ती सुपूर्द केली. परवानगीशिवाय तिथे कोणालाही पाण्यात उतरता येत नाही, आणि उन्हाळ्यात जवळ तळ ठोकून पहारा देतात ते इनुइट रखवालदार. लुई कामूकाक २०१८ च्या मार्च महिन्यात गेले. दोन्ही जहाजं पणजोबांच्या काळच्या लोकांनी सांगितली त्याच मुलखात सापडलेली त्यांनी पाहिली.

कोणी म्हणेल, शेवटी शोध लागला तो यंत्रामुळेच ना? यंत्राचं श्रेय यंत्राला द्यावंच. सोनार नसता तर नेमकी जागा मिळाली नसती आणि पाणबुड्यांशिवाय घंटा वर आली नसती. पण हजारो चौरस किलोमीटरच्या बर्फाळ समुद्रात सोनार कुठे ओढायचा, हे यंत्र सांगत नाही. ते सांगणारी माणसं १८५४ पासून सांगतच होती. मधली १६० वर्षं समुद्राने घेतली नाहीत, न ऐकणाऱ्यांनी घेतली.

म्हणून या गोष्टीतून घ्यायचं ते असं. एखादी गोष्ट आपल्यापर्यंत आली की दोनच प्रश्न विचारावेत: हे सांगणाऱ्याने ते कसं पाहिलं, आणि ते पडताळायचं कसं? सांगणारा शिकलेला आहे का, आपल्या जातीचा, गावाचा, पदाचा आहे का, हे विचारू नये. ऐकलेलं आपल्याला आवडलं का, हेही विचारू नये. ज्याचा जन्म त्या पाण्याकाठी गेला त्याला आधी विचारावं, मग नकाशा उघडावा. आपल्या घरातल्या, शेजारच्या, हाताखाली काम करणाऱ्या कितीतरी माणसांना अशी एखादी खाडी ठाऊक असते. त्यांना विचारायला पैसा लागत नाही, थोडा मोठेपणा खाली ठेवावा लागतो. तो वेळेवर खाली ठेवता आला तर माणसं वाचतात. उशिरा ठेवला तर फार तर त्यांची जहाजं सापडतात.